वाढावा कोणाच्या पदरात पडतो, ते आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कामगार वस्तीत काही वर्षे देणग्या गोळा करून मदतकार्य करणाऱ्या गटाला आता लोकांच्या मालकीचा एखादा उद्योग आणि त्याला जोडून पतसंस्था उभी करायची आहे. ज्याला हल्ली ‘सामाजिक अर्थव्यवस्था’ म्हणतात, तिच्यामुळे आर्थिक विषमता खरोखर कमी होते की दानधर्मालाच नवे नाव मिळते, आणि कमी होत असेल तर संस्थेची रचना कशी असावी, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण आणि त्यांच्या संचालकांचे प्रशिक्षण यांत माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगून टाकतो. विषमता कमी होऊ शकते, परंतु नोंदणी कोणत्या कायद्याखाली केली यावर ते फारसे ठरत नाही. वाढावा, म्हणजे सगळा खर्च भागवून वर्षअखेर उरलेली रक्कम, कोणत्या नियमाने वाटला जातो, तो नियम ठरवताना खोलीत कोण बसलेले असते आणि वाटून न टाकलेली पुंजी अखेरीस कोणाची, या तीन गोष्टी संस्थेचे खरे स्वरूप सांगतात. बाकीचे बहुतेक सारे पाटीवरचे शब्द असतात.

ही संज्ञा सैलपणे वापरली जात असल्यामुळे तिचा अर्थ प्रथम पक्का करणे बरे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०२२ मध्ये या विषयावर ठराव केला आणि एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही ठराव संमत केला. कामगार संघटनेच्या व्याख्येत सहकारी संस्था, परस्पर साहाय्य मंडळे, प्रतिष्ठाने, बचत गट, सामाजिक उद्योग हे सगळे येतात. पण त्यांना एका सूत्रात बांधणारी अट अशी आहे की वाढावा आणि मालमत्ता यांच्या वाटपात व वापरात भांडवलापेक्षा माणसांना आणि सामाजिक हेतूला अग्रक्रम असावा. म्हणजे व्याख्येचा कणाच मुळी वाटणीचा आहे. एखादी संस्था चांगले काम करते, तिचे लोक प्रामाणिक आहेत, ती गरिबांसाठी झटते, एवढ्यावर ती या व्याख्येत बसत नाही, आणि हे अनेक कार्यकर्त्यांना पटवून देणे मला नेहमीच अवघड गेले आहे.

विषमतेबद्दल बोलताना उत्पन्न आणि संपत्ती यांची गल्लत होते, आणि तिचे परिणाम दूरवर जातात. जागतिक विषमता अहवाल २०२२ नुसार जगातील वरच्या १० टक्के लोकांकडे एकूण उत्पन्नाचा ५२ टक्के वाटा जातो, परंतु संपत्तीतील त्यांचा वाटा ७६ टक्के आहे. खालच्या निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला उत्पन्नाचे सुमारे साडेआठ टक्के येतात आणि संपत्तीचे अवघे दोन टक्के. मजुरी थोडी वाढली, एखादे प्रशिक्षण मिळाले, घरखर्चाला हातभार लागला, तर उत्पन्नाची दरी काही अंशी भरते. पण जागा, यंत्रे, साठा आणि ठेवी ज्यांच्या नावावर आहेत त्यांच्याकडे भाडे, व्याज आणि नफ्याच्या वाटेने तोच पैसा परत जातो. कल्याणकारी उपक्रमांचे वार्षिक अहवाल ‘लाभार्थी’ मोजतात. त्या लाभार्थ्यांपैकी किती जण कशाचे तरी मालक झाले, हा रकाना मी क्वचितच पाहिला आहे.

दानापासून स्वावलंबनापर्यंतचा रस्ता नवा नाही, आणि तो चाललेल्या एका माणसाचे उदाहरण आपल्या गटाला उपयोगी पडेल. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हे जर्मनीतील एका लहान गावाचे नगराध्यक्ष असताना १८४६-४७ च्या हिवाळ्यात अन्नटंचाई आली. त्यांनी सधन लोकांकडून पैसा गोळा केला, सामुदायिक भट्टी उभारली आणि गरिबांना उधारीवर पाव पुरवला. त्यानंतर हेडेसडोर्फ येथे १८५४ मध्ये त्यांनी जी संस्था काढली तीही सधनांच्या पैशावर आणि हमीवर चालणारी होती. काही वर्षांत देणाऱ्यांचा उत्साह ओसरला. तेव्हा १८६४ मध्ये त्यांनी तिची रचना बदलली आणि ज्याला कर्ज हवे त्याने सभासद व्हावे, असा दंडक घातला. एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी सभासदांनी मिळून घ्यायची, कार्यक्षेत्र एवढे लहान ठेवायचे की प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखेल, आणि वाढावा वाटून न टाकता अविभाज्य निधीत टाकायचा, ही त्या पतसंस्थांची वैशिष्ट्ये पुढे जगभर गेली. येथे मला महत्त्वाचे वाटते ते असे की रायफायझेन यांना दानाचा तात्त्विक कंटाळा आलेला नव्हता. ते धार्मिक वृत्तीचे होते आणि परोपकारावर त्यांची श्रद्धा होती. दानावर उभी राहिलेली संस्था देणाऱ्याच्या मर्जीपलीकडे जगत नाही, हे त्यांना व्यवहारात उमगले.

आता वाटणीच्या गणिताकडे येऊ, कारण सारा प्रश्न तेथेच आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ मध्ये विणकर आणि इतर कारागिरांनी मिळून जे दुकान काढले, त्याची कीर्ती सहकाराचा आरंभ म्हणून आहे. प्रत्यक्षात त्याआधीही सहकारी दुकाने निघाली होती आणि बंद पडली होती. रॉचडेलच्या मंडळींनी भांडवलावर मर्यादित व्याज देऊन उरलेला वाढावा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत देण्याची पद्धत धरून ठेवली. पुढे वाढाव्याचा अडीच टक्के भाग शिक्षणासाठी बाजूला काढण्याचा नियमही त्यांनी केला. ही पद्धत वरवर किरकोळ वाटते. तिने नेमके काय बदलते, हे मी प्रशिक्षणात फळ्यावर एक उदाहरण मांडून दाखवतो.

समजा, शंभर सभासदांच्या एका उत्पादक संस्थेत वर्षअखेर दहा लाखांचा वाढावा उरला आहे. चलन कोणतेही धरा. दहा सभासदांकडे मिळून ६० टक्के भागभांडवल आहे आणि उरलेल्या नव्वद जणांकडे ४० टक्के. कामाचे तास मात्र सर्वांचे जवळपास सारखे आहेत, म्हणजे एकूण कामात त्या दहा जणांचा वाटा १० टक्के आहे. पहिल्या पद्धतीत सगळा वाढावा भागांच्या प्रमाणात लाभांश म्हणून वाटला, तर दहा जणांना सहा लाख, म्हणजे प्रत्येकी साठ हजार मिळतात. नव्वद जणांना चार लाख, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४,४४४. साडेतेरा पटींचा फरक पडला, आणि तोही ‘एक सभासद, एक मत’ असे पोटनियमात छापलेले असताना. दुसऱ्या पद्धतीत तीन लाख राखीव निधीला, एक लाख कल्याण निधीला, एक लाख भांडवलावरील मर्यादित लाभांशाला आणि पाच लाख कामाच्या तासांच्या प्रमाणात, अशी विभागणी केली. आता दहा जणांना लाभांशाचे साठ हजार आणि कामाचे पन्नास हजार मिळून प्रत्येकी अकरा हजार मिळतात. नव्वद जणांना लाभांशाचे चाळीस हजार आणि कामाचे साडेचार लाख मिळून प्रत्येकी सुमारे ५,४४४. फरक दुपटीवर आला, नव्वद जणांच्या हातात रोख रक्कमही अधिक पडली, आणि शिवाय चार लाख कोणाच्याही खिशात न जाता संस्थेत राहिले. माणसे तीच, माल तोच, बाजारही तोच. बदलला तो फक्त पोटनियमातील एक परिच्छेद. प्रशिक्षणार्थी हा तक्ता वहीत उतरवून घेतात तेव्हा वर्गात बहुधा शांतता पसरते. मग कोणीतरी विचारतो की त्या दहा जणांनी असा नियम होऊ का द्यावा? हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर सभागृहात मिळते.

एका संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मी निरीक्षक म्हणून बसलो होतो. विषयपत्रिकेवर नऊ विषय होते. सत्कार, अध्यक्षांचे भाषण आणि संस्थेच्या इमारतीला कोणता रंग द्यावा यावरील चर्चा यांत पावणेदोन तास गेले. वाढाव्याच्या वाटणीचा विषय सातवा होता. सचिवांनी आकड्यांचा तक्ता वाचायला घेतला तेव्हा पुढच्या दोन रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज आला आणि तक्ता अर्ध्यावर असतानाच आठवा विषय पुकारला गेला. मागे दाराजवळ, पाळी संपवून थेट आलेल्या काही स्त्रिया उभ्या होत्या, कारण खुर्च्या संपल्या होत्या. त्यांतील एकीने शेजारणीला विचारले, ‘आपलं काय ठरलं?’ शेजारीण म्हणाली, ‘अहवालात छापून येईल.’ अहवाल छापून टेबलावर आधीच ठेवलेला होता. इतिवृत्ताच्या मसुद्यातही ‘सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर’ हे वाक्य सभेपूर्वीच टंकलेले मी पाहिले. या सगळ्यात बेकायदेशीर असे काही नव्हते. गणपूर्ती झाली होती, सूचक-अनुमोदकांची नावे होती, आणि लेखापरीक्षक म्हणून मला आक्षेप घ्यायलाही जागा नव्हती.

त्या दिवसापासून मी संस्थांना तीन साध्या गोष्टी सुचवत आलो आहे. वाटणीचा विषय पत्रिकेवर दुसरा ठेवावा, म्हणजे मागील सभेचे इतिवृत्त कायम केल्यावर लगेच तो यावा. सभेच्या आठवडाभर आधी प्रत्येक सभासदाला किती वाढावा उरला, तो कोणकोणत्या भागांत जाणार आहे आणि ‘तुमच्या वाट्याला किती’ एवढेच सांगणारी एका पानाची चिठ्ठी द्यावी. तिसरी गोष्ट म्हणजे सभेची वेळ आणि जागा सर्वांत कमी मोकळा वेळ असलेल्या सभासदांना विचारून ठरवावी. संचालक मंडळाच्या सोयीची वेळ आणि पाळीवर काम करणाऱ्या, घरी लहान मुले असणाऱ्या सभासदाच्या सोयीची वेळ सहसा एक नसते. लोकशाहीची तत्त्वे शिकवण्यावर जेवढा खर्च होतो, त्याच्या दशांशानेही मागच्या रांगेत खुर्च्या वाढवता येतात.

यानंतर प्रवेशाचा प्रश्न येतो, कारण वाटणीचा नियम कितीही न्याय्य असला तरी तो फक्त आत असलेल्यांना लागू होतो. सहकारी चळवळीवरची सर्वांत खरी टीका हीच आहे की तिने मधल्या थराला वर आणले आणि तळचा थर दाराबाहेर राहिला. ज्याच्याकडे थोडी जमीन आहे, थोडे भांडवल आहे, नियमित काम आहे, तो भाग विकत घेतो. ज्याच्याकडे काहीच नाही तो त्याच संस्थेत रोजंदारीवर येतो. पतसंस्थांमध्ये तर ‘नाममात्र सभासद’ नावाची एक सोय असते, जिच्यात माणूस किरकोळ फी भरून कर्ज घेऊ शकतो, परंतु त्याला मत नसते आणि लाभांशही नसतो. तात्पुरत्या व्यवहारासाठी ही सोय समजण्यासारखी आहे. पण एखाद्या संस्थेच्या व्याजाच्या उत्पन्नाचा मोठा भाग नाममात्र सभासदांकडून येत असेल आणि लाभांश मात्र नियमित सभासदांत वाटला जात असेल, तर तेथे गरिबांकडून थोड्या कमी गरिबांकडे पैसा वाहतो आहे, आणि हे वहन संस्थेच्या ताळेबंदात कोठेही लाल शाईने दिसत नाही.

ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांना मालक कसे करायचे, याची उत्तरे निरनिराळ्या लोकांनी निरनिराळी शोधली आहेत. अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेने १९७४ मध्ये बँक काढली ती चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये घालून. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ही संघटना उभी केली होती आणि सह्या करता न येणाऱ्या स्त्रियांना इतर बँका दारात उभ्या करीत नव्हत्या, हे त्यामागचे कारण होते. उरुग्वेमध्ये १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याखाली परस्पर श्रमावर चालणाऱ्या सहकारी गृहसंस्था निघाल्या आणि १९७० मध्ये त्यांचा महासंघ स्थापन झाला. तेथे कुटुंबाचा हिस्सा पैशाऐवजी श्रमाने मोजला जातो. बांधकाम चालू असताना प्रत्येक कुटुंब आठवड्याला सुमारे एकवीस तास काम देते, घरांची मालकी संस्थेकडे राहते आणि कुटुंबाला वापराचा हक्क मिळतो, जो वारसाकडेही जातो. इटलीने १९९१ च्या ३८१ क्रमांकाच्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्थांचे दोन प्रकार मान्य केले. त्यांतील दुसऱ्या प्रकारात अपंग, व्यसनातून बाहेर पडलेले आणि यांच्यासारख्या इतर वंचित व्यक्तींचे प्रमाण कामगारांत किमान ३० टक्के असावे लागते. या तिन्ही ठिकाणी प्रवेशाची अट तळच्या माणसाच्या बाजूने, मुद्दाम आणि लेखी स्वरूपात आखलेली होती. ‘आमची दारे सर्वांना उघडी आहेत’ असे म्हणणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या. त्या दारांतून आपोआप गरीब माणूस आत आल्याचे मला आठवत नाही.

आपण पतसंस्थेचाही विचार करीत आहात, म्हणून कर्जाविषयी थोडे स्पष्टच लिहितो. कर्ज उपलब्ध झाले की गरिबी हटते, ही समजूत काही काळ जगभर प्रबळ होती. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांत सूक्ष्म कर्जपुरवठ्याच्या परिणामांची काटेकोर तुलना करणारे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांतून निघालेला निष्कर्ष असा होता की परिणाम बेताचे आणि काही बाबतींत चांगले आहेत, पण कुटुंबाचे आर्थिक जीवन पालटून टाकणारे नाहीत. माझ्या कामातील अनुभव याच्याशी जुळतो. कर्जामुळे आजारपणाचा किंवा मंदीच्या महिन्याचा धक्का सोसता येतो, सावकाराचे व्याज वाचते, आणि हे थोडके नव्हे. परंतु कर्ज घेऊन प्रत्येक जण स्वतंत्रपणे तोच लहान व्यवसाय करू लागला, तर ते एकमेकांचेच गिऱ्हाईक तोडतात आणि संपत्ती कोणाच्याच गाठीशी जमत नाही. म्हणून पतसंस्थेला स्वतंत्र अंतिम उद्दिष्ट मानू नये. सामायिक मालकीच्या उद्योगाला भांडवल पुरवणारा आणि सभासदांना संकटात टेकू देणारा हात, एवढीच तिची जागा ठेवावी.

पतसंस्था चालू झाल्यावर दरवर्षी एक चाचणी मात्र अवश्य करा. ती करायला लेखापरीक्षक लागत नाही. कर्जखतावणीतील सर्व येणे कर्जे मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत उतरत्या क्रमाने एका कागदावर लिहा. मग संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांनी जामीन दिलेले कर्जदार यांच्या नावांपुढे खूण करा. खुणा कागदभर सारख्या विखुरल्या असतील तर चिंता नाही. त्या वरच्या चतुर्थांशात दाटल्या असतील, आणि थकबाकीच्या नोटिसा मात्र खालच्या अर्ध्या भागातील लोकांना गेलेल्या असतील, तर संस्थेचे पुढचे काय होणार हे त्या कागदावर आधीच लिहिलेले आहे. हा कागद मी कधी कधी संचालकांच्या समोरच तयार करतो. कोणी काही बोलत नाही, चहा मात्र लवकर मागवला जातो.

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे न वाटलेल्या पुंजीकडे येतो. संस्था स्थापन करणाऱ्यांना ती सर्वांत दूरची वाटते, आणि संस्था श्रीमंत झाल्यावर तीच सर्वांत जवळची होते. ब्रिटनमधील बिल्डिंग सोसायट्या या सभासदांच्या मालकीच्या, घरबांधणीसाठी कर्ज देणाऱ्या जुन्या संस्था होत्या, आणि त्यांच्या राखीव निधीत अनेक पिढ्यांची बचत साठली होती. १९८६ च्या कायद्याने त्यांना कंपनीत रूपांतर करण्याची मुभा दिली. १९८९ मध्ये ॲबी नॅशनलने आणि १९९७ मध्ये हॅलिफॅक्स व नॉर्दर्न रॉक यांनी रूपांतर केले. त्या क्षणी सभासद असलेल्यांना फुकट शेअर्स मिळाले. म्हणजे शंभर वर्षांच्या पुंजीचा उपभोग योगायोगाने त्या वर्षी खातेदार असलेल्यांनी घेतला. ही वार्ता पसरली तशी केवळ त्या आशेने ठिकठिकाणी खाती उघडणाऱ्यांची झुंबड उडाली. नेशनवाइड या संस्थेने त्यावर उपाय म्हणून नोव्हेंबर १९९७ पासून नव्या सभासदांकडून असे लिहून घ्यायला सुरुवात केली की रूपांतर झाल्यास त्यांना मिळणारा लाभ धर्मादाय प्रतिष्ठानाला जाईल. ती संस्था आजही सभासदांच्या मालकीची आहे. नॉर्दर्न रॉकच्या दारात सप्टेंबर २००७ मध्ये ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि फेब्रुवारी २००८ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. रूपांतरित झालेल्या त्या संस्थांपैकी एकही आज स्वतंत्र बँक म्हणून उरलेली नाही.

इटलीच्या कायद्यात याची तरतूद आधीपासून आहे. तेथे मुख्यत्वे सभासदांशी व्यवहार करणाऱ्या सहकारी संस्थेचा राखीव निधी सभासदांत वाटता येत नाही. संस्था बंद झाली तर शिल्लक मालमत्ता सहकाराच्या वाढीसाठी असलेल्या परस्पर निधीकडे जाते, आणि १९९२ च्या कायद्यानुसार प्रत्येक संस्था आपल्या वार्षिक नफ्याचे तीन टक्के अशा निधीला देते, ज्यातून नव्या संस्था उभ्या राहतात. विषमतेच्या दृष्टीने या व्यवस्थेचे मोल फार मोठे आहे, कारण जी संपत्ती कोणा एकाच्या वारसाला जाऊ शकत नाही, ती पुढच्या पिढीत नव्याने आलेल्या गरीब सभासदालाही तितक्याच हक्काने वापरता येते. आपल्याकडील चर्चेत राखीव निधीचा विचार संकटकाळची गंगाजळी एवढाच होतो. तो खरे तर मालकीचाच एक वेगळा प्रकार आहे.

वेतनातील अंतराविषयी एकच उदाहरण पुरे. स्पेनच्या बास्क प्रांतातील मोंद्रागोन येथे होसे मारिया आरिस्मेंदियारिएता या धर्मगुरूंनी आधी तंत्रशाळा काढली आणि तिच्यात शिकलेल्या पाच तरुणांनी १९५६ मध्ये पहिला सहकारी कारखाना सुरू केला. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या वेतनातील प्रमाण प्रारंभी तीनास एक होते. पुढे ते काहीसे वाढवावे लागले, कारण कुशल व्यवस्थापक टिकेनात. त्या कारखान्यातून पुढे वाढलेल्या सहकारी संस्थांच्या समूहातील घरगुती उपकरणांचा सर्वांत जुना कारखाना २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेला. तेव्हा बहुतेक सभासद-कामगारांना समूहातील इतर संस्थांनी सामावून घेतले किंवा मुदतपूर्व निवृत्ती दिली. त्यांचे गुंतवलेले भांडवल मात्र बुडाले. परदेशांतील उपकंपन्यांत काम करणारे कामगार सभासद नव्हते, आणि त्यांना तसे संरक्षण मिळाले नाही. मोंद्रागोनची स्तुती आणि निंदा करणारे दोघेही या घटनेतील अर्धाच भाग सांगतात. मला त्यातून दिसते ते असे की समता सभासदत्वाच्या रेषेपर्यंत जाते आणि तेथेच थांबते, म्हणून ती रेषा कोठे आखली हे दरवर्षी तपासावे लागते.

या साऱ्याला मर्यादा आहेत, हेही लिहिले पाहिजे. एखाद्या वस्तीतील संस्था कितीही उत्तम चालली तरी ती देशाच्या करव्यवस्थेची, सार्वजनिक शाळा-रुग्णालयांची किंवा किमान वेतनाच्या अंमलबजावणीची जागा घेऊ शकत नाही; आणि सरकारने हात काढून घ्यावा यासाठी तिचा दाखला दिला जात असेल तर संस्थेने स्वतःच त्याला विरोध करावा.

आता आपल्या गटापुरते बोलायचे तर, मदतकार्य आणि उद्योग यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा, कारण देणगीने भरून काढलेला तोटा दोन-तीन वर्षे यशासारखा दिसतो आणि मग सावरायला वेळ उरत नाही. उद्योग निवडताना वस्तीतील लोक जे आधीच विकत घेतात किंवा जे काम आधीच करतात, पण ज्यातील नफा बाहेर जातो, त्याची यादी करा. नवे कौशल्य आणि नवी बाजारपेठ एकाच वेळी शोधायला निघालेल्या संस्था मी बहुधा तिसऱ्या वर्षाच्या ताळेबंदानंतर पुन्हा पाहिलेल्या नाहीत. भागाची किंमत हप्त्याने किंवा श्रमाने भरता यावी. कामावर घेतलेल्या माणसाला ठरावीक मुदतीनंतर सभासदत्व मागण्याचा हक्क पोटनियमातच असावा, आणि तो मंडळाच्या मर्जीवर सोडू नये.

देखरेखीचे नियम थोडे आणि सर्वांना पाठ होतील असे ठेवा. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावात १५१७ च्या नियमानुसार ज्याला जेवढ्या गायी हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर पोसता येतील, तेवढ्याच त्याने सामायिक कुरणावर सोडाव्यात, असे ठरले होते. सामायिक मालमत्तेच्या व्यवस्थापनावरील कामासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हे उदाहरण विस्ताराने मांडले आहे. हा नियम मोडला की नाही, हे शेजाऱ्याला कुंपणावरून पाहून कळत असे, आणि म्हणून तो टिकला. आपल्या संस्थेतही जामीन, उचल आणि मालाचा साठा यांबाबतचे नियम कोणत्याही सभासदाला कुंपणावरून तपासता यावेत. पहिल्या चुकीला लहान दंड आणि वारंवार चुकीला मोठा, असा चढता क्रम ठेवा. पहिल्याच थकबाकीला सभासदत्व रद्द करणाऱ्या संस्थेत थकबाकी लपवण्याची कला फार लवकर विकसित होते.

पोटनियमांचा मसुदा करायला बसाल तेव्हा नेहमीच्या छापील नमुन्याप्रमाणे नाव, पत्ता आणि उद्दिष्टे यांपासून सुरुवात करू नका. विसर्जनाचे कलम आधी लिहा, म्हणजे संस्था उद्या बंद पडली किंवा तिला कोणी मोठी रक्कम देऊन विकत घेऊ पाहिले तर शिल्लक मालमत्ता कोणाला जाईल, हे ठरवा. या एका प्रश्नावर गटातील सात-आठ जणांचे एकमत व्हायला दोन बैठका लागतील, कदाचित चार लागतील, आणि एखादा सहकारी त्या वेळी बाहेरही पडेल. तो आता बाहेर पडलेला बरा.